ऑडिट कमिटी बसली म्हणजे हिशेब बसला? ('कॉमर्स कट्टा' यांना उत्तर)

मनामा रिटर्न

परवा 'कॉमर्स कट्टा' यांनी एक लांबलचक पोस्ट टाकली. सारांश असा: इस्लामिक बँकांत (व्याज न घेता शरियाने, म्हणजे इस्लामी धर्मनियमांनी चालणाऱ्या) ऑडिट कमिटी, म्हणजे हिशेबावर नजर ठेवणारी संचालकांची समिती असते, तिच्यात स्वतंत्र संचालक असतात, शिवाय धर्मनियम पाळले का ते बघणारं शरिया मंडळ वेगळं. दुहेरी पहारा. म्हणून आयोफीची (इस्लामिक बँकांसाठी हिशेबाचे नियम ठरवणारी बहारीनची संस्था) लेखा मानकं तिथे शंभर टक्के पाळली जातात. कमिटीत माणसं जास्त, बैठका जास्त, तितकं पालन जास्त. आणि शेवटी ठरलेला उपदेश, की आपल्या रत्नागिरी-रायगडच्या पतसंस्थांनी यातून शिकावं. खाली सगळी वाहवा. एकाने तर 'डोळ्यांत अंजन' असंही लिहिलंय.

मला राहवलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी मनामात (बहारीनची राजधानी) एका इस्लामिक बँकेच्या फायनान्स खात्यात होतो आणि ऑडिट कमिटीचा गठ्ठा बांधून पाठवणं हे माझ्याच टेबलावरचं काम होतं. तेव्हा त्या पहाऱ्याबद्दल थोडं ऐका.

गठ्ठा जायचा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. जाडजूड, स्पायरल केलेला, मधे रंगीत कागद घातलेला. सदस्य सज्जन, पण रात्रीत तो वाचून येणारा कोण? पहिला तास बाहेरच्या ऑडिटरची फी किती वाढवायची यातच जायचा. मग सेंट्रल बँकेचं पत्र. मग मोठी थकीत खाती. तिथे आवाज चढायचे, कारण त्यातली बरीच नावं टेबलाभोवतीच्या लोकांच्या ओळखीची. आणि गुंतवणूक खातेदारांना (बँकेच्या नफ्या-तोट्यात वाटेकरी असलेले ठेवीदार) नफा कसा वाटला, त्यांच्या वाट्यातून राखीव निधीत किती वळवलं, ही ताळेबंदाखालची टीप शेवटून दुसरी. तोवर बाहेर मचबूसची (तिकडचा मटण-भात) परात आलेली असायची. इतिवृत्तात 'नोटेड' लिहायचं आणि उठायचं.

आता हे पालन मोजतात कसं? यादी घेऊन. अमुक टीप आहे का? आहे, एक गुण. तमुक विवरण आहे का? आहे, आणखी एक गुण. टीप काय सांगते ते बघायला कोणी बसत नाही. धर्मादाय निधीचंच घ्या. हप्ता उशिरा भरणाऱ्याकडून घेतलेला दंड इस्लामिक बँकेला उत्पन्नात धरता येत नाही, तो धर्मादाय निधीत जातो आणि त्याचं विवरण द्यावं लागतं. आमच्याकडे विवरण होतं: सुरुवातीची शिल्लक, वर्षातली जमा, वर्षातला खर्च. गुण पक्का. पण खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठी ओळ होती 'इतर धर्मादाय'. मी विचारलं, हे इतर म्हणजे कोण? कमिटीकडून उत्तर आलं, हा शरिया मंडळाचा विषय. शरिया मंडळाचे सचिव म्हणाले, दंड नफ्यात मिसळला नाही एवढं आम्ही पाहिलं, खर्चाची व्हाउचरं ऑडिटवाल्यांनी बघायची.

कट्टासाहेबांच्या दुहेरी पहाऱ्यातून ती ओळ दरवर्षी अशी आरामात चालत जायची.

कॉमर्स कट्टा

माझी पोस्ट पूर्ण वाचली असती तर 'जवळजवळ' हा शब्द दिसला असता. असो.

मनामा रिटर्न यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण एका बँकेतला एक गठ्ठा आणि एक मचबूसची परात म्हणजे पुरावा होत नाही. कमिटी स्वतंत्र असेल आणि तिच्यात हिशेबाचा जाणकार असेल तर खुलासे सुधारतात, हे तत्त्व जगभर मान्य आहे. आपल्याच २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ बघा: किमान तीन संचालक, बहुसंख्य स्वतंत्र, आणि अध्यक्षासह बहुसंख्यांना आर्थिक पत्रकं वाचून समजली पाहिजेत. संसदेने हे उगाच लिहिलं का? आयोफी १९९० मध्ये अल्जीअर्सच्या करारातून उभी राहिली, १९९१ मध्ये बहारीनला नोंदली गेली. कारण त्याआधी प्रत्येक इस्लामिक बँक आपापल्या मर्जीने हिशेब मांडत होती. आज निदान दोन बँकांचे ताळेबंद शेजारी ठेवून बघता येतात. आणि आयोफीचं स्वतःचं ऑडिट आणि गव्हर्नन्स कमिटीवर वेगळं मानकही आहे.

बाहेर राहून आल्यावर तिथलं सगळंच पोकळ वाटायला लागतं, हा एक आजार आहे. इथे रोज पतसंस्था बुडताना बघणाऱ्याला तीच गोष्ट स्वर्ग वाटते.

मनामा रिटर्न

आजार मला नाही, बीपी सोडून.

हिशेबाचा जाणकार म्हणता? एन्रॉनच्या ऑडिट कमिटीचा अध्यक्ष स्टॅनफर्डचा अकाउंटिंगचा प्राध्यापक होता, त्यांच्या बिझनेस स्कूलचा माजी डीन. याहून मोठा जाणकार कुठून आणणार? स्वतंत्र, विद्वान, बैठकांना हजर. आणि डिसेंबर २००१ ला कंपनी दिवाळखोरीत. आपल्या अंजनवेलच्या लोकांना तरी हे सांगायला नको, एन्रॉनचा वीज प्रकल्प त्यांच्याच दारात होता.

जाणकार बसवला म्हणजे तो विचारतोच असं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि तेच तुम्ही टाळताय.

वेंगुर्ल्याचो

एन्रॉनचा नाव काढलात? आता गुहागरवाले जागे होतले. धागो गेलो.

दोषदुरुस्ती

मी चिपळूणला सीए आहे, पतसंस्थांची ऑडिटं करतो. मनामा रिटर्न यांच्याशी मी सपशेल असहमत आहे आणि थोडा चिडलोही आहे.

साहेब, तुम्हाला 'इतर धर्मादाय' ही ओळ खटकली, कारण ती ओळ तिथे छापलेली होती. विवरण सक्तीचं नसतं तर तुम्ही कशावर बोट ठेवलं असतं? टीप असण्याची किंमत, ज्याच्याकडे टीपच नसते त्याला विचारा. मुंबईच्या पीएमसी सहकारी बँकेत २१ हजारांवर खोटी खाती उघडून एका बिल्डर गटाचं कर्ज झाकलं. सप्टेंबर २०१९ पर्यंत ताळेबंद झकास. ऑडिट होतं, रिझर्व्ह बँकेची तपासणी होती. पण बोट ठेवायला छापील ओळच नव्हती.

आणि आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. मी ऑडिटला जातो. कांदेपोहे येतात. संचालक मंडळाच्या सभेचं इतिवृत्त मागितलं की मॅनेजर म्हणतो, 'सर, जरा थांबा, लिहून घेतो.' लिहून घेतो! सभा झाली जूनमध्ये, मी बसलोय पुढच्या मे मध्ये. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या. मी शेरे लिहितो: तारण अपुरं, संचालकाच्या भावाला मर्यादेबाहेर कर्ज, एनपीएची (थकीत कर्जांची) तरतूद कमी. सहकार कायद्याच्या कलम ८२ खाली दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. तो येतो. प्रत्येक शेऱ्यासमोर 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'. पुढच्या वर्षी तोच शेरा, तीच दक्षता. वर फी द्यायची वेळ आली की चेअरमन म्हणतात, 'साहेब, संस्था गरिबांची आहे.' त्यांची गाडी बघा आणि मग बोला. ऑडिट फीबद्दल एकदा मला सविस्तर लिहायचंच आहे. ऑडिटर निवडायचा अधिकार ज्याचं ऑडिट त्यालाच देऊन ठेवलाय, मग दुसरं काय होणार?

तेव्हा गठ्ठा आदल्या संध्याकाळी का होईना, येतो, त्यावर तिघे स्वतंत्र माणसं सह्या करतात, हे मला चैनीचं वाटतं. तुम्ही चैनीत राहून चैनीला नावं ठेवताय.

बुडीत ठेव

माझा विषय थोडा वेगळा आहे पण विचारतो. मी एसटीत ड्रायव्हर होतो. निवृत्तीचे पैसे गावच्या पतसंस्थेत ठेवले, कारण व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त आणि चेअरमन आमच्याच वाडीतला. काउंटरच्या मागे फ्रेम लावलेली: 'ऑडिट वर्ग अ'. दर वर्षी नवीन फ्रेम. शेवटच्या वर्षीही अ. त्यानंतर शटर. मुलीच्या लग्नाला पैसे मागायला गेलो तर मॅनेजर म्हणाला, काका, आठवड्याला हजार देऊ शकतो. नंतर तेही बंद.

दोषदुरुस्ती साहेब, तुमच्यासारख्याच कोणीतरी तो अ दिला ना? पोहे खाऊनच दिला असेल.

दोषदुरुस्ती

काका, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण सगळ्या ऑडिटरांना एका माळेत ओवू नका. मी ब दिलेल्या संस्थेने पुढच्या वर्षी मलाच बदललं. आणि पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, हे शाखेत कोणी सांगत नाही, तेही सांगून ठेवतो.

बुडीत ठेव

आता सांगताय.

स्पष्टवक्ता ०२३५२

एवढी चर्चा कशाला? बंगळुरूची ती आयएमए नावाची गुंतवणूक कंपनी विसरलात? हलाल हलाल म्हणून हजारो लोकांचे पैसे घेतले आणि जून २०१९ मध्ये मालक दुबईला पसार. हीच का तुमची इस्लामिक बँकिंग? आणि हे आपल्या देशात आणा म्हणतात.

मनामा रिटर्न

'तुमची' म्हणजे कोणाची, ते जरा स्पष्ट करा, नाव स्पष्टवक्ता आहे म्हणून विचारतो.

आयएमए बँक नव्हती. शरिया मंडळ, ऑडिट कमिटी, आयोफी, सेंट्रल बँक, यातलं काहीही तिथे नव्हतं. दुकानावर पाटी तेवढी होती. माझ्या मेहुण्याने अशाच एका पाटीवाल्याकडे कुवेतची कमाई घातली. मी त्याला एकच सांगितलं होतं, ऑडिट केलेला ताळेबंद मागून बघ. तो म्हणाला, मौलानांनी उद्घाटन केलंय, ताळेबंद कसला मागतोस? पैसे गेले, आणि वर्षभर माझ्याशीच अबोला.

आणि देशात आणायचं म्हणाल तर तो विषय संपला. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने माहिती अधिकारात सांगितलं की हा प्रस्ताव पुढे नेणार नाही. घाबरू नका, झोपा.

शेखाडी

मी श्रीवर्धनकडची, सध्या दुबईत एका ऑडिट फर्ममध्ये आहे. इस्लामिक बँकांच्याच फाइली बघते. चाचा, तुमचं अर्धं मला पटतं आणि अर्ध्याचा राग येतो.

आधी राग. कमिटी आणि शरिया मंडळ यांच्या मधली फट तुम्हीच शोधल्यासारखं लिहिलंय. क्वालालंपूरच्या आयएफएसबीने (इस्लामिक बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढणारी संस्था) २००६ मध्येच लिहून ठेवलंय की एक वेगळी गव्हर्नन्स कमिटी करा, त्यात एक माणूस ऑडिट कमिटीतला, एक शरियाचा जाणकार आणि एक बिगरकार्यकारी संचालक. ती कशासाठी? गुंतवणूक खातेदारांचं हित बघायला. म्हणजे औषध सांगितलेलं आहे. घेतलं कोणी आणि नाही कोणी, हा पुढचा प्रश्न.

दुसरं, 'आयोफीचं पालन' असं सरसकट कोणीच बोलू नये. कट्टासर, तुम्ही तर नकोच. बहारीनमध्ये हिशेबच आयोफीच्या मानकांनी लिहितात. इथे अमिरातीत शरिया मानकं आयोफीची, १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीची, पण हिशेब आयएफआरएसने, म्हणजे जगभरच्या सर्वसाधारण लेखा मानकांनी. मलेशियातही हिशेब आयएफआरएसच्या धर्तीवर. त्याने आकडे हलतात. इजाऱ्यावर (भाडेपट्ट्याने) दिलेली इमारत आयोफीत बँकेच्या पुस्तकात मालमत्ता म्हणून राहते आणि तिचा घसारा निघतो. आयएफआरएसमध्ये तोच व्यवहार फायनान्स लीज ठरला की इमारत जाते आणि येणं दिसतं. गुंतवणूक खाती आयोफीत देणी आणि भागभांडवल यांच्या मधे वेगळ्या ओळीत, आयएफआरएसमध्ये सरळ देण्यांत. मग दुबईची ऑडिट कमिटी आयोफीच्या यादीत नापास झाली तर दोष कमिटीचा की यादी चुकीच्या देशात नेणाऱ्याचा?

आणि आता पटलेलं अर्धं. २०२० मध्ये कोविडमुळे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत आली. बहारीनच्या सेंट्रल बँकेने सांगितलं, त्यातून होणारा तोटा नफा-तोटा पत्रकात न दाखवता थेट भांडवलातून वजा करा. त्या वर्षीच्या ताळेबंदांत लिहिलेलं दिसेल: आयोफीची मानकं, 'सेंट्रल बँकेने बदल केल्याप्रमाणे'. असा ताळेबंद यादीवाल्याने कुठल्या रकान्यात टाकायचा? ऑडिट कमिटीने काय करायचं होतं? वरून आदेश आला, सही केली. मीही तेच केलं असतं.

पाच डझनी

पावसजवळ माझी आंब्याची बाग आहे. हे सगळं वाचलं. मला एवढंच कळलं की व्याज घ्यायचं पण व्याज म्हणायचं नाही. बँक गाडी दहा लाखांना घेते, मला तेरा लाखांना हप्त्याने विकते. वरचे तीन लाख काय प्रसाद आहे का?

अहो, हे आम्हाला नवीन नाही. वाशीचा दलाल तेच करतो. पाऊस संपला की उचल देतो. फवारणी, खत, गुरखा सगळं त्यातून. बिनव्याजी! कागदावर एक पैसा व्याज नाही. अट एकच, पेटी त्याच्याच गाळ्यावर घालायची. मग मार्चमध्ये रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तो मी बघितलेला नाही, माझ्या बापाने बघितलेला नाही. पट्टी (विक्रीचा हिशेब) येते. हमाली, वाराई, भाडं, आणि 'डाग माल' म्हणून चार पेट्या अर्ध्या भावात. २०१६ पासून अडत (दलाली) शेतकऱ्याकडून घ्यायची नाही म्हणे. अडतीची ओळ गेली, भाव तेवढाच खाली आला. हिशेब बरोबर जुळतो. ऑडिट कमिटी बसवा की तिथे एक.

मनामा रिटर्न

तुम्ही सांगितलेल्या गाडीच्या व्यवहाराला मुराबहा म्हणतात; मुराबहात आणि व्याजात फरक आहे. किंमत एकदा ठरली की ती वाढत नाही. हप्ता सहा महिने थकला तरी तेराचे साडेतेरा होत नाहीत. दंड घेतला तर तो धर्मादायात जातो. तुमच्या बँकेत थकलेल्या व्याजावर व्याज चढतं. शिवाय विकण्याआधी गाडी बँकेच्या मालकीची व्हावी लागते, मधल्या वेळात ती जळाली तर नुकसान बँकेचं.

हां, तवर्रुकबद्दल बोलाल तर मी गप्प बसेन. लंडनच्या बाजारात धातू घ्यायचा, त्याच दुपारी विकायचा, गिऱ्हाइकाच्या हातात रोकड आणि डोक्यावर वाढीव देणं. धातू कोणी डोळ्याने बघितलेला नसतो. २००९ मध्ये शारजात भरलेल्या फिकह अकादमीने (इस्लामी कायद्याच्या पंडितांची सभा) ठरवून केलेला असला तवर्रुक नाजायज म्हटलं. बँका अजून करतात.

पाच डझनी

म्हणजे रुमाल तिकडेही आहे. बरं वाटलं.

माझा हिशेब मी तुम्हाला देतो, तुम्ही शहाणे लोक सांगा. यंदा दुसरा मोहोर थ्रिप्स किडीने गेला. फवारण्या दुप्पट झाल्या, उचल आणखी घ्यावी लागली. पहिल्या पेट्या गेल्या तेव्हा भाव चांगला होता, पण माझी पट्टी आली शेजाऱ्यापेक्षा कमी. त्याची उचल नव्हती, माझी होती. तोच माल, तोच दिवस, तोच टेम्पो. दलालाला फोन केला तर म्हणतो, 'तुमच्या फळाला वजन नाही.' आणि कर्नाटकचा आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून विकतो, त्याला वजन असतं! मग मला सांगा, हे व्याज नाही तर काय? आणि हे हलाल की हराम, तेही सांगा. कोणीच सांगत नाही.

शेखाडी

सांगते, कारण हा प्रश्न मुराबहापेक्षा सोपा आहे.

पीक यायच्या आधी शेतकऱ्याला पैसे द्यायचे, हे शरियात चालतं. त्याला सलम म्हणतात, आयोफीचं त्यावर लेखा मानकसुद्धा आहे. पण अटी कडक. किंमत करार करतानाच ठरली पाहिजे आणि पूर्ण रक्कम तेव्हाच हातात दिली पाहिजे. माल किती, कुठल्या प्रतीचा, कधी द्यायचा, सगळं लिहायचं. आणि अमुक एका बागेचाच आंबा हवा असं म्हणता येत नाही. त्या बागेचा मोहोर गळला तर काय, म्हणून. आपल्याकडे झाडावर मोहोर नसताना बाग खंडाने देतात, तेही त्याच कारणाने बसत नाही.

आता तुमची उचल. भाव ठरलेला नाही, म्हणजे हा सलम नाही, हे निव्वळ कर्ज. आणि कर्ज देणाऱ्याने 'माल मलाच घाल' अशी अट टाकून भावात फायदा काढला, म्हणजे कर्जावर लाभ घेतला. कर्ज आणि विक्री एकमेकांत बांधायची नाही, हा नियम याचसाठी आहे. त्यामुळे तुमचा दलाल बिनव्याजी आहे असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. आमच्या शरिया मंडळापुढे हा कागद दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

पाच डझनी

तुमचं शरिया मंडळ वाशीला शाखा काढतं का? मी हिंदू आहे, पण सभासद होतो.

वेंगुर्ल्याचो

मी काजूवालो. आमका उचलय गावना नाय. हराम तर हराम, कोण देता ता सांगा.

कॉमर्स कट्टा

विषय ऑडिट कमिटी आणि लेखा मानकांचं पालन हा होता. आंब्यावर किती प्रतिसाद झाले ते एकदा मोजा. याच कारणासाठी मी इथे अभ्यासपूर्ण लिहिणं बंद करणार होतो.

पाच डझनी

करा. सांगून का करताय?

खाडीपट्टा (संपादन)

आंब्याचा नवा धागा काढा. 'तुमची-आमची' वाला एक प्रतिसाद उडवला आहे, पुन्हा आला तर खातं बंद. बाकी चालू द्या.

मनामा रिटर्न

कट्टासाहेब, आंब्यावर चिडू नका, मुद्दा तिथूनच परत येतोय.

गुंतवणूक खातेदाराची जागा बघा. बँकेला नफा झाला तर ठरलेला वाटा. तोटा झाला तर, बँकेने हलगर्जी केली नसेल तर, तोटा त्याचा. म्हणजे धोका भागधारकासारखा. पण सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. संचालक निवडण्यात हात नाही. ऑडिट कमिटी कोणाला उत्तर देते? संचालक मंडळाला. ते कोणाला? भागधारकांना. आता बँकेने चांगल्या वर्षी त्याच्या वाट्यातून थोडं काढून राखीव निधीत ठेवलं, वाईट वर्षी वाटायला. ज्याने मधेच खातं बंद केलं, त्याचं गेलं. हे योग्य की अयोग्य, ते विचारणारा टेबलावर कोणी बसलेलाच नाही. जे बसलेत त्यांना तो निधी जेवढा मोठा तेवढा बरा. कमिटीत तीनाचे सात करा, चार बैठकांच्या बारा करा, सातही जण त्याच बाजूचे असतील तर त्या टिपेवर 'नोटेड'च लिहिलं जाणार.

शेखाडी बेटा, २००६ चं औषध मलाही ठाऊक आहे. आमच्या बँकेत ती कमिटी स्थापन झाली होती. वार्षिक अहवालात तिचा फोटोही आहे.

शेखाडी

फोटो असल्याचा एक गुण.

कॉमर्स कट्टा

खातेदारांचं प्रतिनिधित्व हा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये नव्हता हे मान्य. तुम्ही तो दोन दिवस आणि एक आंब्याची बाग पार करून मांडलात याबद्दल अभिनंदन. पहिल्याच परिच्छेदात मांडला असता तर मचबूस वाचलं असतं. तरीही माझं म्हणणं कायम आहे: कमकुवत कमिटीपेक्षा सक्षम कमिटी बरी, आणि सक्षमता कशानेतरी मोजावीच लागते. तुमच्याकडे यादीपेक्षा चांगली फूटपट्टी असेल तर द्या.

मनामा रिटर्न

इतिवृत्त द्या. कमिटीने वर्षभरात व्यवस्थापनाचा कुठला आकडा परत पाठवला, एवढंच बघायचं. एकही नसेल तर बाकीचे गुण मी तुम्हाला बक्षीस देतो.

कॉमर्स कट्टा

इतिवृत्तं प्रसिद्ध होत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे.

मनामा रिटर्न

मग पालन पूर्ण आहे हे तुम्हाला कुठून माहीत झालं?

दोषदुरुस्ती

दोघांचं भांडण मिटेपर्यंत मी कामाचं बोलतो. मनामा साहेब, तुमचा मत नसलेला खातेदार आमच्याकडे प्रत्येक पतसंस्थेत आहे. ठेवीदाराला 'नाममात्र सभासद' करून घेतात. कलम २४. व्यवस्थापनात अधिकार नाही, मत नाही. टीप छापलेली असणं मोठं, हे माझं मत मी सोडत नाही, पण ती कोणासाठी छापली हे तुम्ही विचारलंत, त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

'बुडीत ठेव' काका, तुम्ही पूर्ण सभासद आहात की नाममात्र? पूर्ण असाल तर कलम ३२ खाली शेवटचा तपासलेला ताळेबंद, संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि तुमच्या व्यवहाराची पानं संस्थेच्या कार्यालयात फुकट बघता येतात. ठेव ठेवताना शेअरचे पैसे घेतले होते की नुसती प्रवेश फी?

बुडीत ठेव

एवढी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. बायकोने ट्रंकेतून पावती काढली. प्रवेश फी लिहिलंय. शेअर कुठे दिसत नाही.

वेंगुर्ल्याचो

काकांनू, पुढच्या वेळाक ठेव ठेवच्या आधी ट्रंक उघडा.

दोषदुरुस्ती

त्यांना चिडवू नका. काका, म्हणजे तुम्ही नाममात्र. इतिवृत्त दाखवणार नाहीत, पण ठेव परत मिळण्यासाठी सहायक निबंधकांकडे अर्ज करता येतोच. मी लिहून देतो, पैसे लागणार नाहीत. शनिवारी ऑफिसला या. पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणा, नूतनीकरणाच्या नोंदी मागच्या बाजूला असतात आणि तीच सगळे विसरतात.